डीपी जळते म्हणून चांगली डीपी द्यायचीच नाही का?

काळी माती
कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. म्हणे शेतकरी डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) जाळतात, त्यांना अमॉर्फस कोअरची (खास धातूच्या पातळ पट्टीचा गाभा असलेली) महाग डीपी देणं म्हणजे पैसा पाण्यात. अहो, गावात काय नुसत्या मोटारीच आहेत का? गावठाणाची डीपी रात्री सगळे झोपले तरी चालूच असते आणि लोड असो नसो, तिचा कोअर वीज खात बसतो. नेहमीच्या सीआरजीओच्या (सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांचा कोअर) मानाने अमॉर्फसमध्ये हा लॉस ६० ते ७० टक्क्यांनी कमी. एका डीपीमागे २०० वॅट वाचले धरा, वर्षाचे ८,७६० तास, झाले १,७५२ युनिट. पुढची कितीतरी वर्षं हे चालणार आणि आपण भांडतोय खरेदीच्या किमतीवर.

युनिट मोजणारा
गावठाणाचा हिशोब बरोबर, शेतीचा नाही. शेतीच्या फीडरला (सबस्टेशनवरून येणारी लाईन) रोज ८ तास लाईट, फीडर बंद की कोअर लॉसही बंद. तुमचे १,७५२ तिथे ५८४ होतात. शिवाय तिथे डीपी फुल लोडला असते, लोड दुप्पट झाला की वाइंडिंगमधला (तारेच्या गुंडाळीतला) लॉस चौपट, त्याला अमॉर्फस काय करणार? आणि २०१४ च्या आयएस ११८० या भारतीय मानकात डीपीला ५० आणि १०० टक्के लोडला किती लॉस चालेल ते ठरवून दिलंय, त्यामुळे नवीन डीपी वाईट येते असं नाही.

गोदाकाठ
नवीन येते हो, पण जळाल्यावर मिळते कुठली? आमची गव्हाच्या ऐन पाण्यात गेली. ऑफिसात सांगितलं तर म्हणे गाडी नाही, तुमचं तुम्ही आणा. घरटी वर्गणी काढली, ट्रॅक्टरवर घालून नेली, बदल्यात दुरुस्तीची मिळाली तिच्यात ऑइल अर्धं आणि ब्रीदरमधली (टाकीत जाणारी हवा कोरडी करणारी डबी) सिलिका जेल ओल शोषून पार गुलाबी पडलेली. ती पण गेली, परत वर्गणी.

रिटायर्ड वायरमन
वर्गणीचं दुःख मान्य. पण ऑटोस्विच (लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारे) कोणी लावले? लाईट आली रे आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, स्टार्टिंग करंट पाच-सहा पट. किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायचा चिनीमातीचा ठोकळा) फ्यूज तारेऐवजी ॲल्युमिनियम तारेचे पदर, मी स्वतः काढलेत खांबावरून. लाईनवरचा करंट कमी करणारा कपॅसिटर मोटारीला लावा म्हणून सांगून घसा बसला.

गोदाकाठ
हौस म्हणून लावतो का आम्ही? पाळी रात्रीची, उसात बिबट्या, लाईट कधी येईल त्याचा भरवसा नाही. तुम्ही या एकदा रात्री दोनला बटण दाबायला! दिवसा लाईट द्या, त्याच दिवशी ऑटोस्विच काढतो.

युनिट मोजणारा
दिवसा लाईटसाठीच तर २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे.

गोदाकाठ
आमच्या फीडरवर आली की कळवतो.

वाइंडिंगवाला
दुरुस्तीवाला म्हणून सांगतो, रेट एवढा पाडतात की जुनाच कोअर परत वापरावा लागतो. पत्र्या काढून पुन्हा रचताना फट राहिली की लॉस वाढलाच. आणि अमॉर्फसची पट्टी जेमतेम ०.०२५ मिमी, काचेसारखी ठिसूळ, हाताळतानाच तुकडे पडतात. जिथे डीपी वारंवार जळते तिथे ती देऊ नका, खेड्यापाड्यातल्या शॉपमध्ये ती दुरुस्त होणार नाही.

काळी माती
बरं, शेतीला अमॉर्फस नको, सोडलं. डीपीतल्या ऑइलचं काय? चोर व्हॉल्व्ह उघडून कॅन भरतात, उरलेलं सांडतं ते थेट ओढ्यात. वनस्पती तेलापासून केलेलं एस्टर मातीत कुजून जातं, फायर पॉइंट (तेल पेट घेऊन जळत राहण्याचं तापमान) ३०० अंशांच्या वर, मिनरल ऑइलचा १७० च्या आसपास. विहिरीजवळ, शाळेच्या भिंतीला लागून डीपी आहेत, निदान तिथे तरी वापरा.

रिटायर्ड वायरमन
ते ब्रीदरच्या उघड्या टाकीत चालत नाही, हवा लागली की घट्ट होत जातं. सीलबंद टाकी लागते, म्हणजे आणखी खर्च. पण सीलबंद टाकीतून चोरी अवघड, एवढं तुमचं कबूल करतो. तरी माझं म्हणणं आहे तेच, आधी लोड मोजा. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर ५ एचपीच्या फार तर डझनभर मोटारी चालाव्यात. कागदावरच्या आणि आकड्यावरच्या मिळून किती आहेत ते गोदाकाठने इथे लिहावं.

गोदाकाठ
बावीस. त्यातल्या नऊ जणांनी कोटेशन भरलंय, जोडणीची वाट बघतायत. १०० ची डीपी मागितलेला अर्ज ऑफिसात पडून आहे, तो पण लिहा तुमच्या हिशोबात.