चुकलेलं स्पेलिंग वीस वेळा: अभ्यास की शिक्षा?

पाटीपेन्सिल: काल इथे कुणीतरी लिहिलं, "स्पेलिंग चुकलं की वीस वेळा लिहून घ्या, आपोआप सुधारतं. हल्लीचे पालक फाजील लाड करतात." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. वीस वेळा लिहिताना मूल काय करतं, हे शेजारी बसून पाहिलंय का? माझ्या मुलीने 'फ्रेंड' लिहिताना आधी सगळे एफ एकाखाली एक काढले, मग सगळे आर. नुसते उभे रकाने! आय आणि ई उलटे पडले, ते शेवटपर्यंत उलटेच. त्यापेक्षा शब्द नीट बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, मग उघडून मुलाने स्वतःच तपासायचा. आठवायला जोर लागतो, म्हणूनच ते टिकतं. दोन दिवसांनी तोच शब्द परत विचारायचा. आणि अख्ख्या शब्दावर फुली कशाला? सहातली चार अक्षरं जागेवर आहेत, हे आधी सांगा.

निळी शाई: ते मीच लिहिलं होतं. रकाने भरले कारण तुमचं लक्ष नव्हतं. माझी दोन्ही मुलं अशीच लिहून लिहून तयार झाली. 'नाइफ'मधला के कुठून आठवणार? उच्चाराशी संबंधच नाही.

गोगलगाय: आहे ना. तो के पूर्वी उच्चारला जायचा. उच्चार गेला, अक्षर राहिलं. 'नाइफ', 'नॉक', 'नॉट' (गाठ) एकत्र शिकवा, मुलांना गंमत वाटते. 'हॉप'ला शेवटी ई लावला की 'होप', 'कट'चा 'क्यूट'. घोकण्यापेक्षा हे बरं.

जुना मास्तर: इंग्रजीसाठी एवढा जीव काढता, मराठीकडे कोण बघतं? नातू 'फूलाला' लिहितो आणि घरातले 'छान' म्हणतात! फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. साधा नियम आहे.

वैतागलेला: साधा? मग 'शरिराला' का नाही?

जुना मास्तर: तो तत्सम शब्द आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला.

वैतागलेला: सात वर्षांच्या पोराला तत्सम कळणार? 'कवी' दीर्घ, 'कविसंमेलन' ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम, १९७२चे आणखी चार, वर अपवाद. वेलांटीपायी मी शाळेत पट्ट्या खाल्ल्यात, आजही अर्ज लिहिताना हात अडखळतो. एकच वेलांटी, एकच उकार ठेवा!

जुना मास्तर: मग 'दिन' आणि 'दीन' एकच का?

वैतागलेला: 'कर' म्हणजे हात, टॅक्स आणि 'काम कर' हा हुकूमसुद्धा. कुणाचा गोंधळ झालाय? वाक्यावरून कळतं.

जुना मास्तर: पट्टी मारणं चूकच, ते कबूल. भाषा मोडायला मात्र मी हो म्हणणार नाही.

पाटीपेन्सिल: अहो, लहान मुलांबद्दल बोलतोय आपण! त्यांना 'तत्सम' सांगूच नका. फूल-फुलाला, मूल-मुलाला, पूल-पुलावर अशा जोड्या म्हणून घ्या, लिहून घ्या. नियम मोठेपणी कळेल.

निळी शाई: झाकून लिहायचं तेवढं करून बघेन. पण चुकलं तर पाच वेळा लिहायचंच, त्यात सूट नाही.

पाटीपेन्सिल: दर वेळी झाकून लिहिणार असेल तर माझी हरकत नाही. बघून उतरवणार असेल तर एकदाही नको.