अतिनील, दृश्य, अवरक्त पट्ट्यांच्या सीमा कोडमध्ये नेमक्या कशा बांधायच्या?

पर्णरंध्र:
वर्णपटमापकाच्या फायली वाचून यूव्ही-बी, यूव्ही-ए (अतिनीलचे दोन पट्टे), पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश), अवरक्त-ए आणि लाल/दूरलाल (लालच्या पुढचा, अवरक्ताला लागून असलेला पट्टा) गुणोत्तर काढणारा कोड आर या संगणकभाषेत लिहितोय. फायलीत २५० ते ८५० नॅनोमीटरचा डेटा आहे, अंतर साधारण अर्धा नॅनोमीटर, पण सगळीकडे सारखं नाही. अडचणी तीन. यूव्ही-बी कुठे ३१५ला संपतो, तर कुठे ३२०ला. यूव्ही-ए आणि दृश्य यांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा जास्त भरते. आणि अवरक्त-ए फारच कमी येतो. सीमा एकदाच ठरवून जागतिक चलांमध्ये ठेवल्या तर चालेल का?

सीमारेषा:
जागतिक चल नकोत. 'यूव्ही-बी' हे नुसतं नाव आहे, आकडा त्यात नाही. आयएसओ २१३४८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यूव्ही-सी १००–२८०, यूव्ही-बी २८०–३१५, यूव्ही-ए ३१५–४००. त्वचारोगशास्त्रात मात्र यूव्ही-बी बहुधा २९०–३२० धरतात आणि यूव्ही-ए ३२०पासून. जमिनीवरच्या सूर्यप्रकाशाचा आलेख याच भागात सरळ वर चढतो, त्यामुळे ३१५ ते ३२० या पाच नॅनोमीटरांत यूव्ही-बीचा आकडा बराच फुगतो. म्हणून प्रत्येक पट्टा ही एक वस्तू करा: नाव, खालची सीमा, वरची सीमा, कोणतं मानक. आरमधलं फोटोबायॉलॉजी-वेव्हबँड्स हे पॅकेज हेच करतं, तिथे फंक्शनला मानकाचं नाव द्यावं लागतं किंवा ठरलेलं मानक लागू होतं. निकालाच्या स्तंभाच्या नावातही मानक उतरवा.

बेरीज जास्त भरते, कारण त्याच मानकात दृश्य प्रकाश ३८०–७६० आहे. म्हणजे ३८० ते ४०० हा तुकडा दोन्हीकडे मोजला जातो. ती तुमची चूक नाही, पण अशा पट्ट्यांची बेरीज करायची नाही. एकूण हवं असेल तर एकमेकांना न छेदणारा संच वेगळा बांधा. (गंमत म्हणजे त्याच मानकातला जांभळा ३६०पासून सुरू होतो, म्हणजे दृश्याच्याही आधी.)

लाल/दूरलालला आयएसओचा 'लाल' अजिबात वापरू नका. तो ६१०–७६० आहे, त्यामुळे दूरलाल त्याच्या पोटातच येतो. फायटोक्रोमसाठी (वनस्पतींतलं लाल-दूरलाल ओळखणारं रंगद्रव्य) ६५५–६६५ आणि ७२५–७३५ असे १० नॅनोमीटरचे पट्टे रूढ आहेत, आणि गुणोत्तर फोटॉनमध्ये काढायचं, ऊर्जेत नाही.

अवरक्त-ए ७६०–१४००. तुमची फाइल ८५०ला संपते, म्हणजे ६४० पैकी ९० नॅनोमीटरच हाती आहेत. डेटा पट्टा पूर्ण झाकत नसेल तर कोडने आकडा न देता रिकामी नोंद द्यावी. गुपचूप छाटलेला पट्टा सर्वांत घातक.

समलंब:
सांध्यावर आणखी एक घोळ होतो. पट्ट्याबाहेरचे बिंदू गाळून मग क्षेत्रफळ काढलं, की सीमेवर बिंदू नसल्यास तेवढा तुकडा हरवतो. सपाट वर्णपट घ्या, प्रत्येक नॅनोमीटरला १, बिंदू दर १० नॅनोमीटरला. यूव्ही-बी ३५ यायला हवा, येतो ३०, कारण शेवटचा बिंदू ३१०. यूव्ही-ए ३२०पासून मोजला जातो, म्हणून ८५ऐवजी ८०. आधी दोन्ही सीमांवर अंतर्वेशनाने (शेजारच्या बिंदूंवरून मधली किंमत काढून) बिंदू घाला, मग समलंब नियम लावा, म्हणजे लागोपाठच्या बिंदूंमधल्या समलंबांची क्षेत्रफळं मिळवा. अर्ध्या नॅनोमीटरला चूक छोटी, पण ३१५च्या आसपास ती दुर्लक्षण्याजोगी नाही.

समलंबाऐवजी साधी बेरीज करत असाल तर वरची सीमा वगळा. २८० ते ३१५ दोन्ही धरले की एक-एक नॅनोमीटरचे ३६ बिंदू होतात, ३५ नाही.

पर्णरंध्र:
कळलं. पीएआरसाठी ४००–७०० ची ऊर्जा काढून ती मधल्या ५५० नॅनोमीटरच्या गुणकाने फोटॉनच्या मायक्रोमोलमध्ये बदलतोय. सपाट वर्णपटावर तपासलं, ३०० वॉटला १३७९.३ आलं, बरोबर आहे ना?

समलंब:
आकडा बरोबर, रीत चूक. सपाट वर्णपटावर ही चूक दिसतच नाही, कारण फोटॉनचा गुणक तरंगलांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो (नॅनोमीटर भागिले ११९.६३) आणि सरासरी नेमकी ५५०वरच येते. चाचणीला चढता वर्णपट घ्या: ४००ला ०, ७००ला १, मध्ये सरळ रेषा. ऊर्जा १५०. प्रत्येक बिंदूवर आधी रूपांतर करून मग क्षेत्रफळ काढलं तर ७५२.३; तुमच्या रीतीने ६८९.६. एलईडीच्या निळ्या-लाल प्रकाशात फरक कुठल्याही बाजूला जाऊ शकतो.

सीमारेषा:
पुढे भारित पट्टे घालणार असाल, तर वस्तूत भारफल (कोणत्या तरंगलांबीला किती वजन द्यायचं ते सांगणारं फलन) आणि ते कोणत्या तरंगलांबीला १ धरलंय तेही ठेवा. त्वचा लाल होण्याचं सीआयईचं (आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचं) भारफल २९८पर्यंत १ आहे. वनस्पतींचं काल्डवेलचं ३००ला १ धरतात. या दोन्हींचे आकडे एकमेकांशी तोलू नका.

आणि उन्हाच्या मापनात २९०च्या खालचं शून्य करा. ओझोनमुळे तिथे प्रकाश जवळजवळ पोचतच नाही. जे दिसतं तो भटका प्रकाश किंवा अंधार-वजाबाकीतली (अंधारातलं वाचन वजा करण्यातली) कसर. सीआयईच्या भारफलात त्या कचऱ्याला पूर्ण वजन मिळतं. २५० ते २९० दर नॅनोमीटरला चौरस मीटरमागे १ मिलिवॉट खोटा आला तरी ४० मिलिवॉट होतात, आणि अतिनील निर्देशांक १.६ने वर जातो.