मदत हवी आहे: कोनसीमातली धानाची बांधी झिंग्याच्या तळ्यापासून कशी वाचवायची?

मंडळी, प्रश्न शेतीचा आहे, थोडा कायद्याचाही आहे, आणि जमीन आहे पार आंध्रात. तरी इथं विचारतेय, कारण धान पिकवणारे, जमिनीच्या कागदांत मुरलेले आणि तिकडे नोकरी करून आलेले, असे तिन्ही प्रकारचे लोक इथं आहेत.

सासरे रेल्वेत होते. अजनीला बदली झाली आणि कायमचे नागपूरकर झाले. मूळ गाव अंबाजीपेटच्या भागात, अमलापुरमपासून जवळ. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोदावरी फुटते. एका अंगाला गौतमी, दुसऱ्या अंगाला वसिष्ठा, आणि मधला हिरवा पट्टा म्हणजे कोनसीमा. सर आर्थर कॉटननं १८५२ मध्ये तो बंधारा पुरा केला. आता जागी नवा बॅरेज आहे, पण शेती अजून त्याच कालव्यांच्या भरवशावर चालते. आमची तिथं थोडी धानाची जमीन, धुऱ्यावर नारळ आणि एक जुनं कौलारू घर. सगळं सासूबाईंच्या नावावर. जमीन शेजारचे एक शेतकरी वर्षानुवर्षं ठेक्यानं कसतात.

आमच्या पूर्वेकडच्या शेतात दुसऱ्या कोणीतरी झिंग्याचं तळं खोदलं. पाणी बोअरचं, आणि त्या भागात खोल गेलं की बोअरला खारं पाणी लागतं. तळ्याचा बांध आमच्या बांधीपेक्षा उंच, त्यामुळे पाझर आमच्याकडे येतो. रोवणीनंतर त्या कडेच्या ओळींचे शेंडे पांढरे पडून वाळतात, आत गेलं की धान ठीक दिसतं. उन्हाळ्यात कालवे बंद असताना धुऱ्याच्या बुडाशी मिठासारखी पांढरी पापडी येते. तिचा फोटो मी माझ्या भावाला दाखवला. माहेर साकोलीकडचं, त्यामुळे धान आमच्या घरात जन्माचं आहे. तो म्हणाला, "ताई, जिप्सम टाक." मला ते पटलेलं नाही. जिप्सम चोपण जमिनीला लागू पडतं, जिथं सोडियम चिकटून माती घट्ट होते. निव्वळ मीठ साचलं असेल तर गोड्या पाण्यानं धुऊन ते खाली काढावं लागतं, आणि त्यासाठी निचरा हवा. डेल्टातल्या सपाट जमिनीत निचरा काढायचा कुठं?

म्हणून पहिला प्रश्न. तळं आणि बांधी यांच्यामध्ये चर खोदून पाझर अडवण्याचा प्रयोग कोणी केला आहे का? चर किती खोल असावा, आणि चरातलं खारं पाणी पुढं कुठं सोडायचं? शेजाऱ्याच्या शेतात नक्कीच नाही. माती परीक्षणात विद्युत वाहकता बघायची हे माहीत आहे. संपृक्त अर्काची (म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. पण नमुना कडेचा घ्यावा की मधला, पावसाआधी की नंतर? आणि खारं पाणी सोसणारं धानाचं वाण तिकडे कोणतं चालतं? आपल्या भंडारा-गोंदियात ज्याला सगळे नुसतं "दहा दहा" म्हणतात ते एमटीयू १०१० तिथल्याच मारुटेरूच्या संशोधन केंद्राचं, स्वर्णाही तिथलंच. तेव्हा त्या केंद्रात ओळख असलेलं कोणी इथं निघालं तर फार बरं होईल.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. तळंवाल्यानं आता आमचीच जमीन भाड्यानं मागितली आहे. देऊ करतो ती रक्कम धानाच्या ठेक्याच्या कितीतरी पट. आणि आमचे कसणारे अण्णा अर्धे तयार झालेत. त्यांना मी दोष देत नाही. २०११ च्या खरिपात याच कोनसीमातल्या शेतकऱ्यांनी धान परवडत नाही म्हणून जमिनी पडीक ठेवल्या होत्या. मजुरी, खत, पडलेले भाव, वर गाळानं बुजलेल्या नाल्यांमुळे साचणारं पाणी. त्यातलं फारसं काही बदललेलं नाही. पण तळं एकदा खोदलं की वरची सुपीक माती बांधाला जाते आणि तळाशी खार मुरतो. चार वर्षांनी झिंग्यावर रोग आला की तळंवाला पुढच्या गावात जाईल. जमीन आमची राहील, पण धानाची राहणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९६ चा निकाल मी वाचला. शेतजमीन, मिठागरं, खारफुटी, गावाची सामाईक जागा यांचं झिंग्याच्या तळ्यांत रूपांतर करू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग किनारी मत्स्यशेतीचा २००५ चा कायदा आला, चेन्नईत त्याचं प्राधिकरण झालं, तळ्यांची नोंदणी सुरू झाली. माझ्यासारख्या माणसाला विचारायचंय ते एवढंच, की समुद्रापासून आत, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या तळ्याची तक्रार नेमकी कोणाकडे करायची? तहसीलला गेलो की मत्स्य खात्याकडे बोट, तिथं गेलो की परत तहसीलकडे.

कसणाऱ्या अण्णांसाठी एक वाट दिसते. आंध्रात २०१९ पासून ठेक्यानं कसणाऱ्याला मालकाच्या संमतीनं अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं. त्यावर पीक कर्ज आणि विमा मिळू शकतो, आणि मालकी हक्काला धक्का लागत नाही असं कायद्यातच म्हटलंय. सही करावी असं माझं मत आहे. धानातच त्यांना चार पैसे सुटले तर तळ्याचा विषयच संपतो. पण नवऱ्याच्या चुलतभावांनी सासूबाईंना "कूळ लागेल" म्हणून घाबरवून ठेवलंय. कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा, त्यांना वाचून दाखवता येईल.

सासूबाईंचा तळ्याला विरोध आहेच, पण त्यांचं कारण वेगळं आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे कर असते तेव्हा, जग्गन्नतोटला प्रभल तीर्थ भरतं. अकरा गावांचे अकरा रुद्र प्रभांवर बसून तिथं एकत्र येतात. प्रभा म्हणजे बांबूचं उंचच उंच मखर, रंगीत कापडं आणि मोरपिसं लावलेलं. माणसं ते खांद्यावर घेऊन रस्ता सोडून सरळ धानातून आणि कालव्याच्या पाण्यातून नेतात. पीक तुडवलं गेलं तर शेतकरी स्वतःला भाग्यवान समजतो. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनाला आंध्रचा चित्ररथ याच तीर्थाचा होता. एका प्रभेची वाट आमच्या बांधीतून जाते. सासूबाई त्यांच्या नागपुरी हिंदीत म्हणतात, "तालाब में से देव कैसा जाता रे?" न्यायालयात हा मुद्दा चालेल का माहीत नाही, पण ग्रामसभेत चालेल असं मला वाटतं.

घराबद्दल थोडक्यात. मधे उघडा चौक असलेलं, तिकडे मंडुवा म्हणतात तसलं. लाकडाला वाळवी लागली आहे. जुन्या लाकडी घरांचं काम करणारा कारागीर राजमहेंद्रवरमच्या बाजूला कोणाला माहीत असेल तर कळवा.

भर: "नागपुरात बसून कशाला त्रास, विकून मोकळ्या व्हा" असे दोन-तीन प्रतिसाद आलेत. विकायची झाली तर घेणारा तोच तळंवाला आहे. आणि नागपूरचा संबंध नाही कसा? नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, तिथून गोसेखुर्द, पुढं प्राणहिता, आणि सिरोंचाजवळ गोदावरी. आपली घाण त्या दिशेनं जाते, आणि डेल्टाला हवा असलेला गाळ मात्र वाटेतल्या धरणांत अडकतो. गाळ येईना म्हणून तो किनारा खचतोय आणि खारं पाणी आत सरकतंय. शेजाऱ्याचं तळं हे त्या वरचं दुखणं.

ज्यांनी कागद विचारलेत त्यांना: पट्टादार पासबुक (जमिनीच्या मालकीचं) आणि अडंगल (आपल्या सातबारासारखं) दोन्ही आहेत, पण सगळं तेलुगूत. नवऱ्याला बोलता येतं, वाचता येत नाही, आणि सासूबाईंना ते बारीक अक्षर दिसत नाही. तेलुगू वाचणारं कोणी असेल तर फोटो व्यक्तिगत निरोपात (व्यनित) पाठवते. संक्रांतीला आम्ही जाणार आहोत, त्याआधी तळंवाल्याला लेखी उत्तर द्यायचंय.