अनुभव धागा: अनोळखी तलावावर गळ टाकायचा पहिला दिवस

नेहमीच्या पाण्याचा दगड न् दगड ठाऊक असतो. नव्या तलावावर मात्र बहुतेक जण गाडी थांबते तिथेच गळ टाकतात आणि दिवसभर तिथेच बसतात. माझं ठाम मत आहे की पहिला तास गळाला चारा लावूच नये, तो तास तळ शोधायला द्यावा. काठावरून रोहू, मृगळ, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प), चिलापी (तिलापिया) या माशांसाठी तुम्ही काय करता, कोणत्या क्रमाने करता आणि कुठे चुकतं ते मापांसकट लिहा. उत्तराच्या वर आपलं ठिकाण लिहा. सुरुवात मी करतो.

आधी परवानगी. धरणांचे तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेले असतात, गावतळ्याचं ग्रामपंचायतीत विचारावं. विचारायला जाल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: "उन्हाळ्यात शेवटी पाणी कुठं राहतं?" जिथं शेवटचं पाणी उरतं तिथं जुन्या ओढ्याचं पात्र असतं. उन्हं चढली की मासा त्याच खोलगटीत उतरतो.

मग तंगूसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) नुसतं 20 ग्रॅमचं शिसं बांधून फेकायचं. पाण्यावर आपटल्यापासून तंगूस सैल पडेपर्यंत अंक मोजायचे. पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे, दर वेळी तेवढ्याच जोराने. एके ठिकाणी सहा अंक आणि शेजारीच दहा लागले, तर मधे कडा आहे. आकड्याला स्वतःचं महत्त्व नाही, दोन फेकींमधल्या फरकाला आहे. मग शिसं हळूहळू ओढा. गळाच्या काठीच्या टोकाला टकटक लागली तर दगडगोटे. जड, चिकट ओढ आली आणि अचानक सुटली तर गाळ. अलगद घसरत आलं तर कठीण मुरूम किंवा रेती. चाऱ्याचा गोळा मऊ गाळात बुडून दिसेनासा होतो, म्हणून कडेजवळची कठीण जागा निवडायची. अंतर ठरलं की रिळाच्या (तंगूस गुंडाळायच्या चाकाच्या) क्लिपमध्ये तंगूस अडकवा, म्हणजे प्रत्येक फेक तिथंच पडते. मोठा मासा लागला की क्लिप लगेच सोडवायची, नाहीतर तंगूस तुटतो.

भिगवण, उजनी काठ

वाऱ्याचं कुणीतरी लिहायला हवं. सलग दोन दिवस एकाच दिशेने वारा असेल, तर लाटा ज्या काठावर आपटतात तो काठ धरा. तरंगता शेवाळ-किडा तिकडे साचतो. तोंडावर वारा घेऊन फेकणं त्रासाचं असतं, पण मासा तिथं असतो.

बुडबुडे नीट बघा. एकाच जागी मोठे, तुटक बुडबुडे म्हणजे कुजक्या गाळातला वायू. बारीक, सोड्यासारखे फसफसणारे आणि पुढे सरकत जाणारे असतील तर मृगळ किंवा सायप्रिनस तळ उकरतोय. त्यांच्या डोक्यावर फेकू नका, सरकायच्या दिशेला पाच-सहा फूट पुढं टाका.

पाण्यावर थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीत दिसल्या तर खाली जाळं आहे. तिथून लांब बसा. जाळ्यात गळ अडकला की तुमचा तंगूस जातोच, पण कुणाच्या तरी जाळ्याची दहा घरं फाटतात. ते त्याचं पोट आहे.

उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या काठावर वरची माती भेगाळलेली, वाळलेली दिसते आणि खाली मांडीभर चिखल असतो. पुढं काठी रोवून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. एकट्याने तर नाहीच.

चंद्रपूर

चाऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण निम्मे लोक इथंच मार खातात.

रोहू-मृगळसाठी अर्धा किलो कणीक, पाव किलो शेंगदाणा पेंड (कोरडी भाजून, चाळून), मूठभर बेसन, दोन चमचे कुटलेली बडीशेप, थोडं गुळाचं पाणी. पाणी एकदम ओतू नका, हबका मारत भिजवा. चपातीच्या कणकेसारखं मळत बसलात तर ती चिवट होते. गोळा रबरासारखा बनतो आणि झटका दिला तरी गळाचं टोक त्यातून बाहेर येत नाही. मासा ओढतो, तुम्ही झटका मारता, काही लागत नाही. म्हणून जेमतेम गोळा होईल इतकंच मळा आणि ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा. मग एक गोळी पायाशी उथळ पाण्यात टाकून बघा. ती पंधरा मिनिटं टिकावी आणि मग कडेने फुलत विरघळावी. लगेच फुटली तर बेसन वाढवा, अर्ध्या तासानेही टणक असेल तर पेंड वाढवा.

कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळाला टेकलेल्या गळावर कटल्याची वाट बघण्यात दिवस जातो. कटल्यासाठी फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून चारा तीन-चार फुटांवर लटकवा.

चिलापी चारा पळवत असेल तर मक्याचे दाणे वापरा. चोवीस तास भिजवून, दाणा तडकेपर्यंत उकडलेले. दोन दाणे गळावर न टोचता, गळाच्या मागे बारीक दोऱ्यावर ओवले की छोटी तोंडं कंटाळून जातात.

लेस्टर, इंग्लंड

इथल्या तलावांवर खोली मोजायची पद्धत फ्लोटसाठी जास्त अचूक आहे. फ्लोटला बुडवेल इतकं जड वजन गळालाच अडकवून टाकायचं. फ्लोट पूर्ण बुडाला तर माप कमी, आडवा पडला तर जास्त. फक्त टोक वर राहीपर्यंत सरकवत जायचं. जमलं की काठीवर त्या मापाची खूण करून ठेवा.

इथं तेरा वर्षांपासून पुढे सरकारी रॉड लायसन्स लागतं, शिवाय तलावाचं दिवसाचं तिकीट. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बंदी असते, बहुतेक तलावांवर ती नसते. काट्याशिवायचा गळ (टोकामागे उलटा काटा नसलेला) वापरा असा नियम बऱ्याच तलावांवर असतो. तंगूस ढिला पडू दिला नाही तर तशा गळावरूनही मासा सहसा सुटत नाही, आणि सोडवताना तोंड फाटत नाही. 0.06 ते 28.35 ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे, कारण हंस ती गिळून मरत होते. आपल्याकडेही पाणपक्षी असलेल्या तलावांवर पर्याय वापरावा असं मनापासून वाटतं.

मासा जमवायला सुरुवातीला पाण्यात फेकायच्या चाऱ्याबद्दल: संत्र्याएवढे दोन गोळे पुरेत.

सांगली

दोन कमी पडतात. तुमचे तलाव लहान आणि माशांनी भरलेले. आपल्या धरणात मासा आधी शोधून आणावा लागतो. सुरुवातीला सहा गोळे, मग दर अर्ध्या तासाला एक. थंडीत मात्र निम्मं करा. गार पाण्यात मासा कमी खातो, अकरा ते तीनमध्येच हलतो आणि फुकटचं खाऊन पोट भरलं की गळाकडे बघत नाही.

गळ अडकला तर झटके देऊ नका. पन्नास पावलं बाजूला चालत जाऊन दुसऱ्या कोनातून ओढा. तरी निघाला नाही तर तंगूस लाकडाला गुंडाळून सरळ मागं चाला. हाताला गुंडाळलात तर बोटं कापतील.

कृष्णेत आमच्याकडे मगरी आहेत, मुंबईच्या पवई तलावातही आहेत. अशा पाण्यात मासा धुवायला, हात बुडवायलासुद्धा काठावर वाकू नये.

शिंगाळा किंवा शिंगी (काटे असलेले मिशाळ मासे) लागली तर पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांपासून हात लांब ठेवा. ओल्या फडक्याने धरून चिमट्यानं गळ काढा. शिंगीचा काटा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास ठेवा, विषाची आग उतरते. थर्मासमध्ये चहाशिवाय नुसतं गरम पाणीही असावं ते यासाठी. सूज वर चढली किंवा घाम फुटला तर दवाखाना गाठा.

भिगवण, उजनी काठ

एक राहिलं. आफ्रिकन मांगूर गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नका. तो देशी मासे आणि त्यांची पिल्लं खातो, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. उलट जूनच्या तोंडाला पोट फुगलेली रोहू-मृगळची मादी आली तर हात ओले करून, न आपटता सोडा. पहिल्या पुरात ती ओढ्याने वर चढून अंडी घालते.