हाँगकाँगमधला पहिला दिवस, सोबत ७४ वर्षांचे बाबा: क्रम कसा लावू?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये बाबांना घेऊन पाच दिवस हाँगकाँगला जातोय. भारतीय पासपोर्टवर जाताना लागणारी ऑनलाइन पूर्वनोंदणी झाली, तिकिटं आणि हॉटेलही झालं. घोडं अडलंय ते पहिल्या दिवसापाशी.

बाबा तरुणपणी मालवाहू जहाजावर होते. १९७४ मध्ये त्यांची बोट तिथे लागली होती आणि त्या चार दिवसांच्या गोष्टी ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. स्टार फेरीत, म्हणजे बंदर ओलांडणाऱ्या प्रवासी बोटीत, लाकडी बाकं असतात, त्यांची पाठ पलीकडे ढकलली की हव्या त्या दिशेला तोंड करून बसता येतं, हे ते अजून हाताने करून दाखवतात. मग कौलून बाजूच्या चिम शा चुईला उतरलं की घड्याळाचा मनोरा आणि त्याला लागून रेल्वे स्टेशन. तेवढंच पुन्हा बघायचंय, बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल म्हणतात.

मी शोधायला बसलो आणि पोटात गोळाच आला. ते स्टेशन १९७५ मध्ये हुंग होमला हललं, १९७८ मध्ये पाडलं. १९१५ सालचा ४४ मीटर उंच मनोरा तेवढा राहिलाय. समोरच्या हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल भागातला फेरीचा जुना धक्का २००६ मध्ये बंद झाला आणि लोकांनी विरोध करूनही पाडला गेला. आताचा ७ नंबरचा धक्का भराव घातलेल्या जमिनीवर आहे, म्हणजे बाबा उतरले तेव्हा तिथे पाणीच होतं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी सांगावं का? वडिलधाऱ्यांना असं जुन्या ठिकाणी नेलेल्यांनी जरूर लिहा.

आता वेळेचं. विमान सकाळी ७ ला उतरतं, खोली मिळणार दुपारी ३ ला. हॉटेल चिम शा चुईत आहे. ए२१ बसने जाऊन सामान तिथे ठेवायचं आणि लगेच फेरी पकडायची, असा विचार आहे. पण बाबांचे गुडघे दुखतात. मागच्या एका सहलीत मी पहिल्याच दिवशी चार ठिकाणं कोंबली आणि पुढचे दोन दिवस ते खोलीत गुडघा शेकत बसले. ती चूक परत करायची नाही.

फेरीचा खालचा डेक त्यांना सोपा पडेल की वरचा? बंदर नीट दिसायला हवं, ते महत्त्वाचं.

सेंट्रलमधून डोंगरउतारावर जाणारे सरकते जिने सकाळी १० नंतर वरच्या दिशेने चालतात, म्हणून त्यांनी हॉलीवूड रोडपर्यंत जाऊन मान मो मंदिर बघता येईल. उतरताना मात्र साध्या पायऱ्या लागतात ना? की मंदिर सोडून ट्रामच बरी? तिच्यात मागून चढून उतरताना पुढे पैसे द्यायचे, एवढं कळलंय. मागचं दार अरुंद असतं का?

व्हिक्टोरिया पीक हा डोंगर पहिल्या दिवशी नकोच, दुसऱ्या दिवशी १५ नंबरच्या बसने जाऊ. रात्री ८ चा बंदरावरचा दिव्यांचा कार्यक्रम मनोऱ्याजवळूनच बघणार.

शेवटचं म्हणजे ८ नंबरच्या धक्क्यावर सागरी संग्रहालय आहे. तिथे जुन्या धक्क्यांचे फोटो किंवा त्या काळच्या मालवाहू बोटींची मॉडेल्स कोणी पाहिली आहेत का? आणि मधेमधे बसायला बाकं आहेत का?