शकुंतला: दोष फक्त मालकीचा?
विदर्भातली शकुंतला रेल्वे ब्रिटिश कंपनीच्या मालकीची राहिली म्हणून मेली, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मुळात ती कापसासाठी टाकलेली लाइन. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, ११३ किमी. दुसरा अचलपूरला, ७६. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, त्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांवरच्या, मालडब्यात पुन्हा चढवायच्या. ट्रक थेट जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, दारात लागायला लागल्यावर हा दुहेरी हमालीचा उपद्व्याप कोण करणार? १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. वेग काही वाढला नाही. फाटक आलं की गाडी थांबवायची, गाडीवरच्याच माणसानं उतरून ते लावायचं! मालकीच्या घोळात रुंदीकरण रखडलं हे खरं, पण माल त्याआधीच गेला होता.