विषय: मंडळाचा लॅपटॉप उघडत नाही, फॉरमॅट मारू का? (अर्जंट)

प्रेषक: खजिनदार, सध्या मुक्काम सुभाषनगर, नागपूर

मंडळी, लॅपटॉप रात्रभर अपडेट होऊन राहिला होता, सकाळी उघडला तर निळी स्क्रीन, आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागून राहिला. पासवर्डची जागाच येत नाही. संक्रांतीच्या नोंदी, पावत्या, सभासद यादी सगळं त्यातच. हॉलवाल्यांना शुक्रवारपर्यंत आकडा द्यायचा आहे आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईस्तोवर मी इथून हलू शकत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. देऊ का?

प्रेषक: वेबसाइट समिती

अजिबात देऊ नका!! हे बिटलॉकर आहे, विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं सॉफ्टवेअर. डिस्कवरचं सगळं कुलुपबंद असतं आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमधे असते. अपडेटमधे बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) किंवा सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बदललं की चिपला वाटतं मशीन कोणीतरी छेडलंय, मग ती किल्ली देत नाही, म्हणून ही ४८ आकडी पर्यायी किल्ली मागितली जाते. डेटा शाबूत आहे, पण फॉरमॅट केलं तर गेला, मग कोणी परत आणू शकत नाही.

प्रेषक: काका, माजी अध्यक्ष

काऊन एवढं घाबरून राहिले? बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात घेऊन जा, तिथे पोरं बसल्या बसल्या करून देतात. आमच्या नातवाचंही असंच झालं होतं, अपडेटनंतर पासवर्ड चालेना, शेवटी निघालं काय तर कीबोर्ड इंग्रजीवरून मराठीवर गेला होता. खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बदलली, उघडलं. फक्त बर्डीवर गाडी नेऊ नको, लावायला जागा मिळत नाही.

प्रेषक: लायब्ररीवाली वहिनी

काका, बर्डीला गाडी न्यायची गरजच काय आता, सुभाषनगरहून ॲक्वा लाइनची मेट्रो थेट सीताबर्डीला जाते. मागच्या वेळी मी सासूबाईंना घेऊन मेट्रोनेच गेले होते, त्यांनाही काही त्रास झाला नाही.

प्रेषक: वेबसाइट समिती

मेट्रोचं नंतर बघू. काका, तुम्ही म्हणता ते पासवर्डच्या स्क्रीनवर होतं, खरं आहे ते, पण इथे विंडोज सुरूच झालेलं नाही. बर्डीवरचा कितीही हुशार पोरगा असो, कीशिवाय तो काही करू शकत नाही. रिकव्हरी की बहुतेक त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे असेल ज्यानं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली ८ अक्षरं पाठवा. आणि सांगा, सेटअप कोणी केला होता?

प्रेषक: माजी सेक्रेटरी

लॅपटॉप आमच्या कमिटीनं घेतला, सेटअप मी केला, बिल आणि चार्जर सकट चार्ज दिला, तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. अकाउंट माझं स्वतःचं आहे, त्याचा पासवर्ड मी कोणालाही देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आयडी जुळला तर की फोनवर वाचून दाखवीन. इथे लिस्टवर टाकणार नाही आणि कोणी टाकूही नये.

प्रेषक: लायब्ररीवाली वहिनी

ताई, पासवर्ड तुमचाच राहू द्या, त्यावर कोणाचं म्हणणं नाही. पण मंडळाच्या वस्तूची किल्ली मंडळाकडे पाहिजे. कमिटी दर दोन वर्षांनी बदलते, कोणी गावी असतं, कोणाचा नंबर बदलतो. लायब्ररीच्या कपाटाचं मी कधीच असं होऊ दिलं नाही, दुसरी चावी अध्यक्षांकडे असतेच.

प्रेषक: वेबसाइट समिती

वहिनींशी सहमत. वाचून दाखवताना ६-६ आकड्यांचे ८ गट करा. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा तो गट तिथेच नाकारला जातो, सगळं पहिल्यापासून टाकावं लागत नाही.

प्रेषक: खजिनदार

उघडला!! आयडी जुळला, ताईंनी त्यांच्या देशात मध्यरात्र असताना जागून वाचून दाखवली, त्यांचे खरंच आभार. माझा नेहमीचा पासवर्डही चालला, फाइली जशाच्या तशा आहेत. यादीची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली, रिकव्हरी की कागदावर लिहून अध्यक्षांना देतो. पुढचं बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करायचं, हे त्याच कागदावर लिहिलंय. काका, बर्डीला जाणार आहेच, तिळगुळाचे डबे घ्यायला. किती आणायचे ते उद्यापर्यंत कळवा, बॅगेत जागा कमी आहे.